छायाचित्र फोल्डरांची सूचीकरण प्रणालीत आयात

छायाचित्र फोल्डरांची आयात म्हणजे संगणकाच्या डिस्कवर फोल्डरांमध्ये लावून ठेवलेली छायाचित्रे एखाद्या सूचीकरण प्रणालीच्या नोंदीत आणण्याची प्रक्रिया होय. ॲडोब लाइटरूम क्लासिक, डिजिकॅम, डार्कटेबल, ॲपल फोटोज या प्रचलित सूचीकरण प्रणाली आहेत. फोल्डर कोणत्या क्रमाने, कोणत्या नावाने आणि कशाच्या आत ठेवले आहेत, यातच छायाचित्रांविषयीची बरीचशी माहिती सामावलेली असते. ही माहिती छायाचित्राच्या फाइलमध्ये इतरत्र कोठेही लिहिलेली नसेल, तर आयात करताना फोल्डरांची रचना मोडताच ती कायमची नाहीशी होऊ शकते. बोरिवली येथील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील बिबट्यांची कॅमेरा ट्रॅपद्वारे केली जाणारी मोजदाद, तसेच कान्हेरी व महाकाली लेण्यांचे छायाचित्रण ही मुंबई उपनगरातील अशी उदाहरणे आहेत, जिथे या रचनेवर प्रत्यक्ष निष्कर्ष अवलंबून असतात.

फोल्डर आणि कॅटलॉग

फोल्डर ही डिस्कवरील जागा असते. एक फाइल एका वेळी एकाच फोल्डरमध्ये राहते. ती दुसऱ्या फोल्डरमध्येही हवी असेल तर तिची प्रत करावी लागते. कॅटलॉगचे काम वेगळे आहे. तो ग्रंथालयातील तालिकेसारखा असतो: पुस्तक फळीवर एकाच जागी असते, पण त्याची नोंद लेखकाच्या, विषयाच्या आणि शीर्षकाच्या अशा अनेक कार्डांवर सापडते. सूचीकरण प्रणाली छायाचित्राचा डिस्कवरील पत्ता, त्याची लघुप्रतिमा, त्याला दिलेले टॅग, मानांकन आणि वर्णन एका डेटाबेसमध्ये साठवते. लाइटरूम क्लासिक व डार्कटेबल या प्रणालींचे डेटाबेस एसक्यूलाइट या पद्धतीचे असतात. डिजिकॅमही तीच पद्धत वापरते. मात्र तिला मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीही चालते.

नवशिक्या वापरकर्त्याचा गोंधळ बहुधा इथेच होतो. आयात झाली म्हणजे छायाचित्र प्रणालीच्या आत गेले, आता मूळ फोल्डर काढून टाकायला हरकत नाही, असा समज होतो. बहुतेक प्रणालींत प्रत्यक्षात फक्त पत्त्याची नोंद झालेली असते. मूळ फोल्डर पुसला, त्याचे नाव बदलले किंवा तो प्रणालीबाहेरून दुसऱ्या डिस्कवर हलवला, की कॅटलॉगमधील नोंद बेपत्ता फाइलकडे बोट दाखवत राहते. लाइटरूममध्ये अशा फोल्डरावर प्रश्नचिन्ह उमटते आणि त्याची नवी जागा हाताने दाखवून द्यावी लागते.

पार्श्वभूमी

डिजिटल कॅमेऱ्यांतील फोल्डर व फाइलींची नावे १९९८ मध्ये जपानमध्ये ठरलेल्या डीसीएफ या मानकाला अनुसरून पडतात. मेमरी कार्डावर डीसीआयएम नावाचा मुख्य फोल्डर असतो. त्यात १०० ते ९९९ पैकी एका क्रमांकाने सुरू होणारे उपफोल्डर असतात आणि त्यांत चार अक्षरे व चार आकडे मिळून झालेल्या नावांच्या फाइली असतात. आकडे ०००१ पासून ९९९९ पर्यंत जातात व नंतर पुन्हा सुरुवातीला येतात. परिणामी जगातील कोणत्याही दोन कॅमेऱ्यांत ‘आयएमजी_०००१’ या नावाची फाइल असणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. एकाच कॅमेऱ्यात दहा हजारांच्या आसपास छायाचित्रे काढल्यावरही तेच नाव पुन्हा येते.

छायाचित्राच्या फाइलमध्ये चित्राबरोबर काही मजकूरही साठवलेला असतो. त्याला मेटाडेटा म्हणतात. १९९५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या एक्झिफ या मानकानुसार कॅमेरा स्वतःहून तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे प्रारूप, छिद्रमान अशा तांत्रिक बाबी त्यात लिहितो. वृत्तसंस्थांच्या गरजेतून १९९१ मध्ये आलेल्या आयपीटीसी मानकात शीर्षक, स्थळ, मुख्य शब्द अशा मानवी नोंदींसाठी रकाने आहेत. २००१ मध्ये ॲडोबने आणलेल्या एक्सएमपी या पद्धतीत या रकान्यांना अधिक मोकळीक मिळाली, आणि २०१२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. कॅमेरा फक्त पहिला भाग भरतो. स्थळ, प्रसंग, व्यक्ती यांचे रकाने कोणी माणूस भरेपर्यंत रिकामेच राहतात. बहुतेक लोक ते भरत नाहीत. त्याऐवजी फोल्डरला नाव देतात. फोल्डरचे नाव हा या अर्थाने सर्वांत जुना, सर्वांत सोपा आणि सर्वांत नाजूक मेटाडेटा आहे.

राष्ट्रीय उद्यानातील कॅमेरा ट्रॅप

सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्राचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मुंबई उपनगर व ठाणे या जिल्ह्यांत पसरले आहे. पश्चिमेला गोरेगाव, बोरिवली, दहिसर आणि पूर्वेला भांडुप, मुलुंड यांच्या वस्त्या त्याच्या कडेला भिडलेल्या आहेत. येथील बिबट्यांची कॅमेरा ट्रॅपद्वारे मोजदाद करण्यात आली, तेव्हा २०१५ मध्ये उद्यान व लगतच्या परिसरात किमान ३५ आणि २०१८ मध्ये ४७ बिबट्यांची नोंद झाली. माणूस आणि बिबट्या इतक्या दाटीने एकत्र राहत असताना हे आकडे केवळ अभ्यासकांपुरते राहत नाहीत. कोणता प्राणी कोठे वावरतो, तो नवा आहे की जुनाच, या प्रश्नांची उत्तरे आरे वसाहतीतील किंवा मुलुंडच्या बाजूच्या पाड्यांतील रहिवाशांनाही हवी असतात.

कॅमेरा ट्रॅप म्हणजे झाडाला किंवा खांबाला बांधलेला, समोरून उष्ण शरीराची हालचाल झाली की आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक प्राण्याची वेगळी असते, आणि एकाच बिबट्याच्या डाव्या व उजव्या कुशीवरील रचनाही सारखी नसते. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक कॅमेरा लावतात, जेणेकरून जाणाऱ्या प्राण्याच्या दोन्ही कुशी एकाच वेळी टिपल्या जातील. अशा एका जागेला स्थानक म्हणतात.

समजा, चाळीस स्थानके आहेत. म्हणजे ऐंशी कॅमेरे आणि ऐंशी मेमरी कार्डे झाली. प्रत्येक कार्डावरील फाइलींची नावे ०००१ पासून सुरू होतात. बहुसंख्य कॅमेरा ट्रॅपमध्ये जीपीएस नसते. त्यामुळे छायाचित्रात तारीख व वेळ असते, पण जागा नसते. ते चित्र तुळशी तलावाच्या काठचे की येऊरच्या चढावरचे, हे सांगणारी गोष्ट एकच, ती म्हणजे कार्ड काढताना क्षेत्रसहायकाने ज्या फोल्डरमध्ये ते उतरवले त्या फोल्डरचे नाव. त्यातही ‘स्थानक ०७’ या फोल्डरच्या आत ‘अ’ व ‘ब’ असे दोन उपफोल्डर असतील, तरच डाव्या कुशीचे चित्र व उजव्या कुशीचे चित्र यांची जोडी लागते.

आता हीच फोल्डरे एखाद्या प्रणालीत ‘तारखेनुसार मांडणी’ हा पर्याय निवडून आयात केली, तर ऐंशी कॅमेऱ्यांची चित्रे दिवसागणिक एकेका फोल्डरमध्ये मिसळून जातात. सारख्या नावांच्या फाइली एकमेकींवर लिहिल्या जाऊ नयेत म्हणून प्रणाली त्यांच्या नावांपुढे क्रमांक जोडते, आणि कॅमेऱ्याने दिलेला क्रमही पुसट होतो. शिवाय बिबट्या मुख्यतः रात्री फिरतो. तारखेची सीमा मध्यरात्री पडते. रात्री पावणेबाराला एका स्थानकावर व सव्वाबाराला पुढच्या स्थानकावर टिपलेला एकच प्राणी दोन वेगळ्या दिवसांच्या फोल्डरांत जाऊन बसतो.

यातून होणारे नुकसान गैरसोयीपुरते नसते. संख्येचा अंदाज बांधण्यासाठी वापरली जाणारी पकड-पुनर्पकड पद्धत तीन गोष्टी मागते: कोणता प्राणी, कोणत्या स्थानकावर, कोणत्या दिवशी. पहिली ठिपक्यांवरून कळते, तिसरी कॅमेऱ्याच्या घड्याळावरून. दुसरी फक्त फोल्डरमध्ये असते. ती गेली तर उरतात ती बिबट्यांची सुंदर छायाचित्रे. त्यांवरून किमान संख्या सांगता येईल, पण दर शंभर चौरस किलोमीटरमागील घनता काढता येणार नाही. काही वर्षांनी पुन्हा मोजदाद झाल्यावर तोच प्राणी किती अंतरावर सरकला, हेही सांगता येणार नाही.

रिकाम्या फोल्डरची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. एखाद्या स्थानकावर कॅमेरा महिनाभर चालू होता व काहीच टिपले गेले नाही, तर त्या स्थानकाचा फोल्डर रिकामा राहतो. कॅमेरा चोरीला गेला किंवा पहिल्याच दिवशी बॅटरी संपली, तर फोल्डर तयारच होत नाही. संख्याशास्त्राच्या दृष्टीने या दोन स्थिती परस्परविरुद्ध आहेत. पहिलीत ‘प्राणी दिसला नाही’ अशी नोंद आहे, दुसरीत नोंदच नाही. सूचीकरण प्रणाली मात्र ज्यात छायाचित्र नाही त्या फोल्डरची सहसा दखल घेत नाहीत. फोल्डरमध्ये ठेवलेली टिपणाची मजकूर-फाइल किंवा तक्ताही आयातीत वगळला जातो. म्हणून कॅमेरे लावल्याच्या व काढल्याच्या तारखांचा तक्ता कॅटलॉगबाहेर, स्वतंत्रपणे ठेवण्याची पद्धत आहे.

या क्षेत्रासाठी २०१६ मध्ये सादर झालेला कॅमट्रॅपआर हा आर भाषेतील मुक्त संच नेमका याच अडचणीवर बेतलेला आहे. तो स्थानकागणिक फोल्डर असावा अशी अपेक्षा धरतो आणि पहिल्याच पायरीवर प्रत्येक फाइलची नव्या नावाने प्रत करतो. नव्या नावात स्थानक, तारीख व वेळ एकत्र गुंफलेली असतात. फोल्डरमधील माहिती अशा रीतीने फाइलच्या नावात उतरली की पुढे फाइल कोठेही गेली तरी तिचा उगम तिच्याबरोबर राहतो. प्रजातींची ओळख पटवण्यासाठी त्याच्या निर्मात्यांनी डिजिकॅममधील टॅगांचा वापर सुचवला आहे. ते टॅग हा संच नंतर फाइलींमधून वाचून घेतो. फोल्डर आणि कॅटलॉग यांनी कामाची वाटणी कशी करावी, याचा हा चांगला नमुना म्हणता येईल.

आयातीचे प्रकार

आयातीच्या पद्धतींत मुख्य फरक एकच आहे, तो म्हणजे प्रणाली मूळ फाइलींना हात लावते की नाही.

जागच्या जागी केलेल्या आयातीत फाइली होत्या तिथेच राहतात आणि कॅटलॉग फक्त त्यांची नोंद घेतो. लाइटरूम क्लासिकमधील ‘ॲड’ हा पर्याय असा आहे. डार्कटेबलमध्येही ग्रंथालयात नुसती भर घालण्याची सोय आहे. तिथे प्रत्येक फोल्डरला जुन्या काळाची आठवण ठेवून ‘फिल्म रोल’ म्हणतात. डिजिकॅम या बाबतीत सर्वांत सरळ आहे. तिच्यातील ‘अल्बम’ म्हणजेच डिस्कवरील फोल्डर. प्रणालीला एक मूळ फोल्डर दाखवून दिला की त्याखालील सारी उतरंड जशीच्या तशी दिसू लागते. या सरळपणाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते: डिजिकॅममध्ये अल्बमचे नाव बदलले तर डिस्कवरील फोल्डरचेच नाव बदलते, आणि अल्बम पुसला तर फोल्डरच जातो. रचना टिकवायची असेल तर पहिल्या आयातीसाठी हाच प्रकार सर्वांत सुरक्षित ठरतो.

दुसऱ्या प्रकारात फाइलींची प्रत नव्या जागी केली जाते किंवा त्या तिथे हलवल्या जातात. मेमरी कार्डावरून छायाचित्रे उतरवताना हेच करावे लागते. लाइटरूम अशा वेळी तीन प्रकारची मांडणी सुचवते: सर्व काही एका फोल्डरमध्ये, तारखेनुसार, किंवा मूळ फोल्डरांनुसार. आधीपासून नीट लावलेला संग्रह आणताना तिसरा पर्याय निवडावा लागतो आणि उपफोल्डर समाविष्ट करण्याची खूणही करावी लागते. तारखेनुसार मांडणी नव्याने काढलेल्या, न लावलेल्या छायाचित्रांसाठी सोयीची असते. लावलेल्या संग्रहासाठी ती घातक आहे.

तिसऱ्या प्रकारात प्रणाली छायाचित्रे स्वतःच्या बंदिस्त कोठारात घेते. ॲपल फोटोज ही प्रणाली सामान्यतः असे करते. कोठाराच्या आत फाइलींची मांडणी प्रणालीच्या सोयीने होते आणि मूळ फोल्डर तिथे दिसत नाहीत. मॅक संगणकावर फोल्डर आयात करताना त्यांची रचना राखण्याची खूण केली, तर त्या रचनेबरहुकूम अल्बम व फोल्डर तयार होतात. हे अल्बम डेटाबेसमधील असतात, डिस्कवरील नव्हेत. गूगल फोटोजसारख्या सेवांवर फोल्डर चढवला तर छायाचित्रे काळाच्या ओघाने एका सरळ रेषेत मांडली जातात व उपफोल्डरांची उतरंड राहत नाही.

एकसारख्या फाइली टाळण्याचा पर्याय उपयुक्त आहे, पण त्यातही एक खोच आहे. लाइटरूम फाइलचे मूळ नाव, टिपल्याची वेळ व आकार जुळल्यास ती पुनरावृत्ती समजते आणि वगळते. एखाद्याने एकच छायाचित्र ‘स्थानक ०७’ मध्ये व त्याची प्रत ‘निवडक बिबटे’ मध्ये मुद्दाम ठेवली असेल, तर एक प्रत गळते आणि ते चित्र निवडक होते ही माहितीही तिच्याबरोबर जाते.

फोल्डरच्या नावांचे टॅगांत रूपांतर

रचना जशीच्या तशी आणली तरी ती डिस्कवरील पत्त्यातच राहते. एखादे छायाचित्र ईमेलने पाठवले, दुसऱ्या संस्थेला दिले किंवा छपाईला गेले की ते फोल्डरबाहेर पडते. यासाठी आयातीनंतरची पायरी म्हणून फोल्डरचे नाव छायाचित्राच्या मेटाडेटात लिहितात.

कान्हेरीचे उदाहरण यासाठी बोलके आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या आत असलेल्या या बौद्ध लेणीसमूहात शंभराहून अधिक लेणी आहेत आणि ती क्रमांकांनी ओळखली जातात. तिसऱ्या क्रमांकाचा मोठा चैत्य किंवा एकेचाळिसाव्या लेण्यातील एकादशमुखी अवलोकितेश्वर छायाचित्र पाहताच ओळखू येतो. परंतु कान्हेरीतील बहुतेक लेणी साधे विहार आहेत: एक ओटा, एक-दोन खोल्या, दगडी बाक आणि शेजारी पाण्याचे टाके. अशा दोन खोल्यांची छायाचित्रे समोर ठेवली तर जाणकारालाही ती वेगळी सांगणे अवघड जाते. तिथे ‘लेणे ०५०’ हा फोल्डरच एकमेव साक्षीदार असतो.

रूपांतर करताना उतरंड राखता येते. ‘मुंबई उपनगर’ या टॅगखाली ‘बोरिवली’, त्याखाली ‘कान्हेरी’, त्याखाली ‘लेणे ०५०’ अशी शाखा तयार केली तर वरच्या कोणत्याही पातळीवर शोधता येते. लाइटरूम व डिजिकॅम या दोन्ही प्रणाली असे श्रेणीबद्ध टॅग एक्सएमपीमध्ये लिहू शकतात. टॅग सगळ्या छायाचित्रांना एकेक करून देण्याची गरज नसते. फोल्डर निवडून त्यातील सर्व छायाचित्रांना एकाच वेळी तो देता येतो. फोल्डर शेकडो असतील तर एक्झिफटूल या मुक्त आज्ञावलीने फाइलच्या पत्त्यातून फोल्डरचे नाव उचलून थेट मुख्य शब्दांच्या रकान्यात भरता येते.

टॅगांचा एक फायदा फोल्डरला कधीच मिळत नाही. अंधेरी पूर्वेकडील महाकाली लेण्यांना कोंडिवटे लेणी असेही म्हणतात. फोल्डरला यांपैकी एकच नाव देता येते, आणि दुसऱ्या नावाने शोधणाऱ्याला तो सापडत नाही. टॅगांमध्ये दोन्ही नावे नांदू शकतात. त्याचप्रमाणे महाकालीतील स्तूपाचे छायाचित्र ‘अंधेरी’, ‘स्तूप’ आणि ‘पावसाळ्यातील पाहणी’ या तिन्ही शीर्षकांखाली एकाच वेळी येऊ शकते.

टॅग लिहिण्याची जागाही ठरवावी लागते. ते फक्त कॅटलॉगच्या डेटाबेसमध्ये राहिले, तर कॅटलॉग बिघडताच जातात. जेपीजी फाइलमध्ये ते थेट लिहिता येतात. कॅमेऱ्यांच्या रॉ फाइलींत फेरफार करणे टाळतात आणि त्याऐवजी त्याच नावाची एक्सएमपी जोडफाइल शेजारी ठेवतात. डार्कटेबल अशी जोडफाइल लिहिते. लाइटरूममध्ये ती लिहिण्याची आज्ञा द्यावी लागते किंवा स्वयंचलित लेखन सुरू करावे लागते. पुढे रॉ फाइल हलवताना जोडफाइल मागे राहिली तर सगळे श्रम वाया जातात, हे सांगणे नलगे.

देवनागरी नावे

मराठीत नावे दिलेल्या फोल्डरांच्या आयातीत काही खास प्रश्न उद्भवतात. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते: एका स्वतंत्र संकेताने, किंवा ‘र’ व खालचा नुक्ता अशा दोन संकेतांनी. मॅक संगणकांची जुनी फाइलप्रणाली नावांतील अशी अक्षरे विभक्त करून साठवत असे. त्यात भर म्हणून ‘किनाऱ्यावर’ या शब्दातील अर्धा र काही जुन्या कळफलकांवर साधा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक यांनी उमटवला जातो. पडद्यावर सगळी रूपे सारखीच दिसतात; प्रणालीच्या दृष्टीने मात्र ती वेगवेगळी नावे असतात. परिणामी टॅगांच्या यादीत एकच शब्द दोनदा दिसतो आणि एकावर टिचकी मारली की अर्धीच छायाचित्रे उघडतात.

शुद्धलेखनातील पर्याय याच वाटेने जातात. ‘अंधेरी’ व ‘अन्धेरी’, ‘मुलुंड’ व ‘मुलुण्ड’ हे वाचकासाठी एकच असले तरी शोधयंत्रासाठी एक नसतात. आकड्यांचेही तसेच आहे. ‘लेणे २’ व ‘लेणे १०’ असे लिहिले तर अनेक ठिकाणी दहावे लेणे दुसऱ्याच्या आधी लागते. ‘००२’ व ‘०१०’ असे शून्य जोडून लिहिल्यास क्रम नीट राहतो. एका संग्रहात देवनागरी व इंग्रजी आकडे मिसळले तर त्यांचे दोन गट पडतात. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिली की फोल्डर आपोआप कालानुक्रमे लागतात. तारखेतील तिरकी रेघ मात्र विंडोज व लिनक्समध्ये नावात चालत नाही. तिच्या जागी आडवी रेघ वापरतात.

लांबीची मर्यादा मराठी नावांना लवकर जाणवते, कारण यूटीएफ-८ या प्रचलित संकेतनात देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट व्यापतो. काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त हेही स्वतंत्र संकेतच असतात. लिनक्समधील बहुतेक फाइलप्रणालींत नाव २५५ बाइटांचे असू शकते, म्हणजे देवनागरीत ८५ संकेतांचे. आयपीटीसीच्या जुन्या रचनेत मुख्य शब्दाला ६४ बाइटांची मर्यादा आहे. ‘संजय गांधी राष्ट्रीय उद्यान’ हे नाव ७५ बाइटांचे होते, त्यामुळे ती मर्यादा काटेकोरपणे पाळणाऱ्या प्रणालीत त्याचे शेपूट कापले जाते. एक्सएमपीमध्ये ही अडचण नाही. विंडोजमध्ये फाइलच्या पूर्ण पत्त्याला परंपरेने २६० संकेतांची मर्यादा आहे. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर अशी खोल उतरंड दुसऱ्या डिस्कवर नेताना ती ओलांडली गेली तर काही फाइलींची प्रत होत नाही, आणि शेकडो फाइलींच्या गर्दीत ते लक्षातही येत नाही.

पडताळणी

आयात पूर्ण झाल्याचा संदेश म्हणजे ती बिनचूक झाल्याची खात्री नव्हे. सर्वांत साधी तपासणी मोजणीची आहे: प्रत्येक फोल्डरमधील छायाचित्रांची संख्या डिस्कवर व कॅटलॉगमध्ये जुळते का ते पाहणे. एकूण बेरीज जुळली तरी फोल्डरनिहाय आकडे न जुळण्याची शक्यता असते, म्हणून मोजणी फोल्डरागणिक करतात. तफावत आढळली तर ती दरवेळी चूकच असते असे नाही. रॉ व जेपीजी अशी जोडी लाइटरूम मूलतः एकच छायाचित्र धरते. कॅमेरा ट्रॅपच्या चलचित्रफिती काही प्रणालींना वाचता येत नाहीत. मोठ्या संग्रहांत याच्या जोडीला चेकसम, म्हणजे फाइलच्या आशयावरून काढलेली संख्या, आधी व नंतर ताडून पाहतात. एक बाइट जरी बदलला तरी ती संख्या बदलते. ही ताडणी टॅग लिहिण्यापूर्वी करावी लागते, कारण टॅग लिहिताच फाइल बदलते.

मूळ फोल्डरांची एक अस्पर्शित प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवणे आणि आयातीची पहिली चाचणी दोन-तीन फोल्डरांवर घेणे ही रूढ पद्धत आहे. चाचणीसाठी सर्वांत सुबक फोल्डर न घेता सर्वांत गुंतागुंतीचा घेतल्यास अडचणी लवकर उघड होतात. घाटकोपर-मुलुंडकडील एखाद्या लग्नसमारंभाच्या छायाचित्रकाराकडे साखरपुडा, हळद, लग्न व स्वागतसमारंभ असे फोल्डर आणि त्यांच्या आत दोन कॅमेऱ्यांचे उपफोल्डर असतात. दोन कॅमेऱ्यांची घड्याळे काही मिनिटांनी पुढेमागे असतील, तर वेळेनुसार लावताच अंतरपाट दूर होण्याआधीच हार घातले गेल्याचे दिसते. कॅमेऱ्यांचे उपफोल्डर शाबूत असतील तोवर एका कॅमेऱ्याच्या सगळ्या वेळा एकदम सरकवून हे दुरुस्त करता येते. दोन्ही कॅमेऱ्यांचे प्रारूप सारखेच असेल आणि फाइली मिसळल्या असतील, तर ही दुरुस्ती फारच किचकट होते.

प्रणाली बदलताना

सूचीकरण प्रणालीचे आयुष्य छायाचित्रसंग्रहापेक्षा कमी असते. गूगलने पिकासा या लोकप्रिय प्रणालीचा डेस्कटॉपवरील आधार १५ मार्च २०१६ रोजी थांबवला. पिकासा फाइली न हलवता जागच्या जागी सूची करत असल्यामुळे वापरकर्त्यांचे फोल्डर शाबूत राहिले आणि ते नव्या प्रणालीत नेता आले. छायाचित्रांखाली लिहिलेल्या ओळी जेपीजी फाइलींमध्येच नोंदवलेल्या असल्याने त्याही टिकल्या. तारांकन, संपादन व चेहऱ्यांची ओळख यांविषयीच्या नोंदी मात्र प्रत्येक फोल्डरमधील एका लपलेल्या फाइलीत असत. इतर प्रणाली ती फाइल सहसा वाचत नाहीत, आणि काही वापरकर्ते ती निरुपयोगी समजून पुसूनही टाकतात.

विकिमीडिया कॉमन्ससारख्या सार्वजनिक भांडारात छायाचित्रे चढवताना फोल्डरांची उतरंड अजिबात नेता येत नाही. तिथे सर्व फाइली एकाच पातळीवर असतात, प्रत्येकीचे नाव एकमेव असावे लागते आणि कॅमेऱ्याने दिलेली निरर्थक नावे नाकारली जातात. फोल्डरचे काम तिथे वर्ग करतात, आणि एक फाइल अनेक वर्गांत असू शकते. कान्हेरीच्या छायाचित्रांचा फोल्डर तिथे नेताना लेण्याचा क्रमांक फाइलच्या नावात, वर्णनात व वर्गात असा तिन्ही ठिकाणी लिहावा लागतो.